दोन ड्राइव्ह आणि एक पाठभेद

साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर संगणकाच्या सुट्या भागांविषयी लिहायचे म्हणजे कीर्तनाला जमलेल्या मंडळींना मृदंगाला शाई कशी भरतात ते सांगत बसण्यासारखे आहे. तरीही लिहितो आहे. गेल्या पावसाळ्यात दोन सॉलिड स्टेट ड्राइव्हची जोडी लावून तिचा वेग मोजण्याच्या खटाटोपात मला माझ्याच एका जुन्या छापील लेखातली चूक सापडली. ती ज्या वाटेने सापडली ती वाट सांगितल्यावाचून चूक नीट सांगता येणार नाही, असे मला वाटते.

१९९१ ते १९९४ या काळात मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण आणि जावळी तालुक्यांतील काही गावांत हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. साठ मिनिटांच्या सत्तर कॅसेट भरल्या. त्यांतल्या अकरा एकट्या माझ्या आत्याच्या आहेत. आत्या १९९८ साली गेली. पुढे या कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्या. तासाभराच्या आवाजाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते, म्हणजे सत्तर तासांना ४४ जीबीच्या आसपास. त्याच डिस्कवर जुन्या लघुनियतकालिकांची आणि ओव्यांच्या माझ्या हस्तलिखित वह्यांची स्कॅन केलेली सहाएक हजार पाने, पानागणिक पंचवीस-सव्वीस एमबी. सारे मिळून दोनशे जीबीचा हा प्रपंच एका फिरत्या हार्ड डिस्कवर होता आणि ती डिस्क अलीकडे, वृद्ध माणूस खुर्चीतून उठताना करतो तसा, प्रत्येक हाकेला आवाज करू लागली होती.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात साठवणुकीच्या यंत्रांचेच काम करतो. एम. ए. मराठीचे पहिले वर्ष करून तो त्या क्षेत्राकडे वळला. का वळला हे विचारण्याचा अधिकार मराठीच्या प्राध्यापकाला नसतो. तो घरी आला, डिस्कचा आवाज त्याने ऐकला आणि म्हणाला, “सर, हिच्यावर आता एक दिवसही भरवसा ठेवू नका.” पुढच्या रविवारी तो एक एक टीबीचे दोन ड्राइव्ह, दोन केबली आणि एक जुना संगणक घेऊन आला. वेग मोजल्याशिवाय काही ठरवायचे नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला वेगाचे फारसे कौतुक नव्हते. पण ज्याला आपण कधी काळी ‘पुरावा दिल्याशिवाय विधान करू नकोस’ असे बजावले तो आपल्याच घरात पुरावा गोळा करू लागला, तर त्याला थांबवायचे कोणत्या तोंडाने?

या ड्राइव्हमध्ये फिरणारे काही नसते. ज्या स्मृतिचकतीवर तो उभा आहे तिचे तत्त्व तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली मांडले, आणि आज सर्वत्र वापरात असलेला नँड हा प्रकार त्यानंतर तीन वर्षांनी आला. तिचे ‘फ्लॅश’ हे नाव साठवण्यावरून पडलेले नाही, पुसण्यावरून पडले आहे: एका झटक्यात अख्खा ठोकळा पुसला जातो ते पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली. स्मृतीच्या साधनाला विस्मृतीच्या वेगावरून नाव मिळावे हे मला फार आवडले. विद्यार्थ्याला त्यात विशेष काही वाटले नाही.

दोन ड्राइव्ह जोडीने लावायचे मुख्य प्रकार दोन. १९८८ साली बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांचे समूह करून महागड्या डिस्कांशी बरोबरी कशी साधता येईल यावर एक निबंध लिहिला. ‘रेड’ हे नाव तेव्हापासूनचे. त्या निबंधात एक ते पाच अशा पायऱ्या होत्या. त्यांतली पहिली पायरी म्हणजे आरसा: जे एका ड्राइव्हवर लिहायचे तेच दुसऱ्यावरही लिहायचे. ‘शून्य’ नावाचा जो प्रकार आज सर्रास वापरतात तो त्या निबंधातल्या पायऱ्यांत नव्हता, तो नंतर चिकटला. आणि शून्य हे नाव सार्थ आहे, कारण त्यात राखीव असे काहीच नाही. त्यात मजकुराचे तुकडे करून एक तुकडा या ड्राइव्हवर, पुढचा त्या ड्राइव्हवर, असे आलटून पालटून लिहितात. आम्ही दोघांनी त्याला ‘पट्टेवारी’ म्हणायचे ठरवले. पोथीच्या भाषेत सांगायचे तर आरसा म्हणजे एकाच पोथीच्या दोन घरी दोन प्रती. पट्टेवारी म्हणजे विषम क्रमांकाची पाने एका घरी आणि सम क्रमांकाची दुसऱ्या घरी. दोन वाचक एकाच वेळी वाचायला बसले तर पोथी निम्म्या वेळात संपते. एका घराला आग लागली तर मात्र उरते ती अर्धी पोथीही नव्हे.

“तुम्हांला कंटाळा येतो ना सर, फाइल उघडेपर्यंत? मग पट्टेवारी करू. शिवाय एक प्रत बाहेर ठेवू,” तो म्हणाला. आम्ही मोजायला बसलो.

मोजणे हे काम किती फसवे आहे, हे मी त्या दोन रविवारांत शिकलो. एकदा वाचलेली फाइल संगणक आपल्या तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवतो. दुसऱ्यांदा मागितली की ड्राइव्हला हातही न लावता देऊन टाकतो. आपण मात्र ड्राइव्हचा वेग पाहून थक्क होतो. फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घेऊन वर्गाची गुणवत्ता वाढली असे म्हणण्यापैकीच हे. म्हणून प्रत्येक चाचणीआधी ती स्मृती रिकामी करायची. चाचणीसाठी लिहायचा मजकूर नुसत्या शून्यांचा नको, कारण पूर्वीच्या काही ड्राइव्हमधली नियंत्रक चकती लिहिण्याआधी मजकूर दाबून लहान करत असे, आणि शून्यांची माळ दाबायला किती वेळ लागणार! म्हणून यदृच्छ आकड्यांचा मजकूर घ्यायचा. आणि कोऱ्या ड्राइव्हवरची चाचणी खरी मानायची नाही. तो आधी भरायचा, मग मोजायचा. त्याने लिनक्सवर ‘एफआयओ’ नावाची आज्ञावली वापरली. येन्स आक्सबो या प्रोग्रामरने लिहिलेली ही आज्ञावली असली मोजमापे करणाऱ्यांत प्रमाण मानली जाते. मी वहीत आकडे उतरवत होतो.

एकट्या ड्राइव्हवर सलग वाचनाचा वेग सेकंदाला ५४८ एमबी. याच्या फार पुढे तो जाऊ शकत नाही, कारण अडथळा ड्राइव्हचा नसून साटा या जोडणीचा आहे. ती साडेपाचशेच्या आसपास थकते. पट्टेवारीत तोच वेग १०७१. जवळपास दुप्पट. विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. आरशात ५४६, म्हणजे एकट्याइतकाच. मला हे कोडे वाटले: दोन प्रती आहेत तर दोन्हींतून अर्धे अर्धे का वाचू नये? त्याने सांगितले की एकच वाचक एक फाइल सलग वाचत असेल तर लिनक्सचा हा आरसा त्याला एकाच ड्राइव्हवरून वाढतो. आम्ही दोन वेगवेगळ्या कॅसेट एकाच वेळी वाचायला लावल्या, तेव्हा दोघांचा मिळून वेग हजारावर गेला. दुसरी प्रत दुसरा वाचक आल्यावरच कामाला येते, ही गोष्ट मी वहीत समासात लिहून ठेवली.

मग त्याने चार चार केबीचे विखुरलेले तुकडे, एका वेळी एकच, अशी चाचणी लावली. एकटा ड्राइव्ह: ३८ एमबी. पट्टेवारी: ३७. आरसा: ३८. हजारांचा सारा डौल इथे उतरला. कारण सोपे आहे. इतका लहान तुकडा असतो एकाच ड्राइव्हवर. दुसरा नुसता बाजूला बसून असतो. तीन माणसांची वाट एकाच माणसाने चालायची तर सोबत किती जण आहेत याने काय फरक पडणार? आणि माझे रोजचे काम पाहिले तर ते असेच आहे: ओव्यांच्या हजारो छोट्या फाइलींतून एखादा शब्द शोधणे. ते काम मी घड्याळ लावून तिन्ही रचनांवर करून पाहिले. एकट्यावर ४.१ सेकंद, पट्टेवारीत ४.०, आरशात ४.१. जुन्या फिरत्या डिस्कवर हेच काम मिनिटाच्या वर जाई. म्हणजे माझी अडचण एका ड्राइव्हनेच संपली होती. जोडीने तिच्यात भर घालण्याजोगे काही उरलेच नव्हते.

लिहिण्याची चाचणी अधिक उद्बोधक निघाली. आमचे ड्राइव्ह स्वस्तातले, एका पेशीत चार बिटे कोंबणारे. असा ड्राइव्ह आपला थोडा भाग तात्पुरता पेशीमागे एक बिट अशा सैल पद्धतीने वापरतो, तिथे भराभर लिहून घेतो आणि नंतर सवडीने दाटीवाटीने मांडतो. पाहुणे अचानक आले की बायका पसारा एका खोलीत लोटून दार लावून घेतात तसे. त्या खोलीत ४२ जीबी मावले. तोवर वेग पाचशेच्या घरात. त्यानंतर थेट ८० एमबीवर. पाहुण्यांसमोरच पसारा आवरायची वेळ! दोनशे जीबी लिहायला आरशाला साडेचौतीस मिनिटे लागली, पट्टेवारीला साडेतेरा. खोक्यावर छापलेला आकडा खोटा नव्हता, पहिल्या दीड मिनिटापुरता तो खरा होता.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी त्याने विचारले, “सर, एक केबल चालू असताना काढून बघू? सगळ्या नकलाच आहेत. मूळ डिस्क बाजूला आहे.”

आधी आरसा. मी आत्याची एक कॅसेट लावली. जात्याची घरघर, तिच्यावर तिचा थोडा घोगरा, वरच्या पट्टीत न जाणारा आवाज. त्याने एका ड्राइव्हची केबल ओढली. पडद्यावर इशाऱ्याची एक ओळ उमटली. आत्या गात राहिली. ओवी संपली, तिने खोकून घसा साफ केला, पुढची सुरू केली. तिच्या खालची निम्मी जमीन गेली आहे याचा तिला पत्ता नव्हता. मग त्याने ड्राइव्ह परत जोडला, आरसा मोडून पट्टेवारी केली, फाइली पुन्हा उतरवल्या, आणि तीच कॅसेट पुन्हा लावली. या वेळी केबल काढल्यावर आधी वाचून ठेवलेला आवाज चार-पाच सेकंद चालला आणि एका शब्दाच्या मध्यात थांबला.

मला ते थांबणे सहन झाले नाही, हे कबूल करतो. नकलेवरचा प्रयोग आहे हे माहीत असूनही मी म्हणालो, “एका ड्राइव्हवर काय उरले आहे ते ऐकव.” तो म्हणाला की तसे काही ऐकू येणार नाही, उरलेत ते तुकडे. मी म्हणालो, तुकडे ऐकव.

त्याला अर्धा तास लागला. पट्टेवारीतला एक तुकडा ५१२ केबीचा. रिकाम्या ड्राइव्हवर नुकतीच उतरवलेली असल्यामुळे फाइल सलग बसली होती. तेव्हा त्याने हाती असलेल्या ड्राइव्हवरचे तुकडे क्रमाने उचलले आणि गेलेल्या तुकड्यांच्या जागी तितकीच शून्ये भरली. आमच्या ध्वनिमुद्रणाच्या हिशेबाने एका तुकड्यात जवळजवळ तीन सेकंदांचा आवाज मावतो. म्हणजे तीन सेकंद आत्या, तीन सेकंद पूर्ण शांतता. पुन्हा तीन सेकंद आत्या. शांततेत जात्याची घरघरही नाही.

तिसऱ्या-चौथ्या खंडानंतर माझ्या लक्षात आले की मी ओठ हलवतो आहे. जिथे आवाज नव्हता तिथे मी म्हणत होतो. या ओव्या मी कागदावर उतरवल्या, त्यांवर लिहिले, वर्गात वर्षानुवर्षे सांगितल्या. विद्यार्थी माझ्याकडे पाहत होता. तो हसून म्हणाला, “सर, तुम्हीच आता तिसरा ड्राइव्ह.” मला बरे वाटले. पाठांतराच्या परंपरेवर मी जी व्याख्याने दिली त्यांतले एखादे या वेळी पुन्हा द्यावे असेही मनात येऊन गेले. घनपाठात शब्द उलटसुलट फिरवून म्हणतात ते अर्थासाठी नव्हे, चूक पकडण्यासाठी, इत्यादी.

त्याने दुसरी केबल जोडली. अखंड फाइल सुरू झाली. मी सवयीने पुटपुटत राहिलो आणि एका जागी आत्याचे आणि माझे जमले नाही.

ती भावाविषयीची ओवी आहे. भाऊ सणाला आला आहे, तो कुठे उभा आहे ते ती सांगते. मी म्हणालो ‘दारात’. ती म्हणाली ‘येशीत’.

आम्ही ती जागा चार वेळा ऐकली. शंका नाही. ‘येशीत’, म्हणजे वेशीत. माझी त्या वेळची हस्तलिखित वही काढली, तिच्यात ‘दारात’. १९९६ साली एका नियतकालिकात छापून आलेला माझा लेख काढला. त्यातही ‘दारात’, आणि खाली बहिणीच्या दारात उभ्या राहिलेल्या भावाविषयी, उंबरठ्याच्या प्रतिमेविषयी, पाऊण पान विवेचन. बरे विवेचन आहे. निदान एका प्रबंधात तरी ते उद्धृत झालेले मी पाहिले आहे.

छंदाला दोन्ही शब्द चालतात, दोन्ही तीन अक्षरांचे. म्हणूनच कान फसला, असे मी त्या रात्री स्वतःला सांगितले. पण पाठचिकित्सा शिकवताना मी दरवर्षी जो नियम फळ्यावर लिहीत असे तो मला आठवत होता: दोन पाठांपैकी जो अवघड तो मुळाजवळचा असण्याची शक्यता अधिक, कारण नकलणारा सोप्याकडे घसरतो. वि. सी. सुकथनकरांनी संपादिलेले महाभारताचे आदिपर्व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ साली पूर्ण केले आणि समग्र संहितेचे काम १९६६ पर्यंत चालले. एवढ्या प्रदीर्घ खटाटोपाचे मर्म मी मुलांना या एका नियमाने सांगत असे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली, हेही सांगत असे. बहिणीच्या दारात उभा भाऊ हा सोपा पाठ आहे. तो शेकडो ओव्यांत असतो. सणाला आलेला भाऊ वेशीत का उभा राहील? हा अवघड पाठ. मी सोप्याकडे घसरलो होतो.

का घसरलो ते सांगायला हवे. आत्याच्या ओवीतला भाऊ म्हणजे माझे वडील. जमिनीच्या वाटणीच्या वेळी आत्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला गेला. तो तिने राजीखुशीने दिला असे आमच्या घरात म्हणत; तिच्या घरात काय म्हणत ते मी कधी विचारले नाही. त्यानंतर वडील तिच्या घरी गेले नाहीत. भाऊबीजेला मात्र चुकत नसत. एस. टी.ने त्या गावापर्यंत जात, वेशीजवळच्या पारावर थांबत आणि साडीचोळीची पिशवी माझ्या हातात देऊन मला आत पाठवत. मी धावत जायचो. आत्या मला ओवाळायची, हातावर करंजी ठेवायची आणि विचारायची, “दादा हाय का पारावर?” मी हो म्हणायचो. ती दारापर्यंत यायची. पुढे नाही.

म्हणजे मला हे ठाऊक होते. इतरांच्या कानाने ‘येशीत’ ऐकून ‘दारात’ लिहिले असते तर ती नजरचूक ठरली असती. माझ्या कानाला ती सबब नाही. १९९२ साली ती कॅसेट भरताना मी तिच्यासमोर दोन हातांवर बसलो होतो, वडील हयात होते, आणि मी वहीत वडिलांना बहिणीच्या दारात नेऊन उभे केले. ते जाणून केले का? मला खरोखर आठवत नाही. आणि माझ्या आठवणीची साक्ष आता कितपत धरावी, हाही प्रश्न आहेच.

पुढच्या आठवड्यात विद्यार्थी आरसा कायमचा लावून द्यायला आला. त्याला मी हे सारे सांगितले नव्हते. शब्द चुकला होता एवढेच तो जाणून होता. मी त्याला विचारले की आरशातल्या दोन प्रतींत फरक पडला तर काय होते. त्याने करून दाखवले. आरसा थांबवून एका ड्राइव्हवर एका ठिकाणी मुद्दाम भलताच मजकूर लिहिला आणि मग तपासणी लावली. तपासणीने सांगितले: जुळत नाही. कोणती प्रत बरोबर? ते तिला सांगता येत नाही. दुरुस्ती करायला लावली तर ती एका प्रतीवरचे दुसऱ्या प्रतीवर उतरवते आणि दोन्ही सारख्या झाल्या म्हणून समाधान पावते. दोनच पोथ्या असल्या, त्यांत पाठभेद असला, आणि संपादकाने कपाटातली पहिली पोथी प्रमाण मानून दुसरीवर खाडाखोड केली, तर त्याला आपण काय म्हणू? आणि याहून वाईट म्हणजे जिथे दोन्ही प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळतात तिथे आरसा बोलतच नाही. माझ्या वहीचे ते पान, त्यातल्या ‘दारात’सकट, दोन्ही ड्राइव्हवर अक्षरशः सारखे आहे. त्याने आता ज्या फाइल-पद्धतीवर सारे ठेवले आहे ती प्रत्येक ठोकळ्यासोबत त्याची एक गणिती खूण जपते, त्यामुळे कोणती प्रत बिघडली ते तिला कळते. ती खूणही मी लिहिलेल्या ‘दारात’चीच आहे, हे उघड आहे.

आणखी एक गोष्ट त्याने बदलली. दोन्ही ड्राइव्ह एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, एकाच खोक्यातून निघालेले; आरशात त्यांच्यावर लिहिणेही अक्षरशः सारखेच पडणार. मग ते झिजणारही बरोबरीने. २०१९ साली एका मोठ्या कंपनीने जाहीर केले होते की तिच्या काही ड्राइव्हमध्ये अंतर्गत आज्ञावलीच्या दोषामुळे ३२,७६८ तास पूर्ण होताच ड्राइव्ह कायमचा बंद पडेल. दोनाचा पंधरावा घात. मोजणारा आकडा तिथे ओलांडतो. तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तास. आरशातले दोन ड्राइव्ह एकाच मुहूर्तावर सुरू केले असतील तर दोघांची घटका एकाच वेळी भरायची. एकमेकांना सांभाळायला ठेवलेल्या दोघांनी एकाच क्षणी डोळे मिटायचे! हे ऐकून मीच म्हणालो, एक बदलून आण. त्याने दुसऱ्या कंपनीचा, वेगळ्या घडणीचा, वर्षभर वापरलेला ड्राइव्ह आणला. अशा विजोड जोडीत लिहिण्याचा वेग दोघांतल्या संथ असेल त्याचा. पुन्हा मोजायचे का, असे त्याने विचारले. मी वही आधीच कपाटात ठेवली होती.

तिसरी प्रत एका साध्या हार्ड डिस्कवर त्याच्याकडे पुण्यात आहे, कारण वीज न देता कपाटात पडून राहिलेल्या फ्लॅशमधला विद्युतभार वर्षांगणिक झिरपत जातो. मूळ कॅसेट माझ्याकडेच आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ झाला, थोड्या खरखरतात, पण वाजतात.

त्या दिवसापासून मी सत्तर कॅसेट पहिल्यापासून पुन्हा ऐकतो आहे, वही समोर ठेवून, एका वेळी वीस मिनिटे. सध्या नवव्या कॅसेटवर आहे. आतापर्यंत एकेचाळीस फरक सापडले. बरेचसे किरकोळ, बोलीतल्या रूपाऐवजी प्रमाण रूप, गाळलेला ‘गं’. दोन किरकोळ नाहीत. आत्याच्या अकरा कॅसेट शेवटी ठेवल्या आहेत.

ते नियतकालिक केव्हाच बंद पडले, त्यामुळे शुद्धिपत्र पाठवायला पत्ता नाही. म्हणून इथे नोंदवतो: १९९६ सालच्या त्या लेखातील सतराव्या ओवीत ‘दारात’ याऐवजी ‘येशीत’ असे वाचावे. तिच्याखालचे उंबरठ्याविषयीचे पाऊण पान गाळावे.